सिकलसेल असलेलं बाळ पहिले काही महिने ठणठणीत का दिसतं?

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या भागांत अनेक घरांना सिकलसेल हा शब्द नवा नाही. आई आणि वडील दोघंही या आजाराचे वाहक असतील, तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. तरीही असं बाळ जन्मतं तेव्हा बहुतेक वेळा गुटगुटीत असतं. दूध पितं, हसतं, वजन वाढतं.

मग साधारण सहा महिन्यांच्या आसपास एक दिवस हातापायाची बोटं सुजतात, बाळ रडायचं थांबत नाही. तपासणी केल्यावर कळतं की आजार जन्मापासूनच होता. मग इतके दिवस तो लपला कुठे होता?

पोटातलं हिमोग्लोबिन वेगळं असतं

हिमोग्लोबिन चार साखळ्यांनी बनतं. मोठ्या माणसांत दोन अल्फा आणि दोन बीटा. पोटातल्या बाळात मात्र बीटाच्या जागी दोन गॅमा साखळ्या असतात. मोठ्यांचं ते हिमोग्लोबिन ए, बाळाचं ते हिमोग्लोबिन एफ.

हा फरक का? पोटातलं बाळ श्वास घेत नाही. त्याला ऑक्सिजन मिळतो तो वारेतून, आईच्या रक्ताकडून. म्हणजे बाळाच्या हिमोग्लोबिनला आईच्या हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन जास्त घट्ट धरता आला पाहिजे.

लाल पेशींमध्ये बीपीजी नावाचा एक पदार्थ असतो. तो दोन बीटा साखळ्यांच्या मधल्या खोबणीत बसतो आणि हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करतो. गॅमा साखळीत १४३व्या जागी हिस्टिडिनऐवजी सेरीन असतं. त्यामुळे बीपीजी तिथे नीट चिकटत नाही आणि पकड घट्ट राहते. मोठ्यांचं हिमोग्लोबिन निम्मं भरायला ऑक्सिजनचा दाब सुमारे २७ मिलिमीटर लागतो, बाळाचं सुमारे २० मिलिमीटरलाच निम्मं भरतं.

जन्मानंतर बाळ स्वतः श्वास घेतं आणि ही जादा पकड लागत नाही. जन्माच्या वेळी ६० ते ८० टक्के असलेलं हिमोग्लोबिन एफ हळूहळू घटतं. मोठ्या माणसात ते साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी उरतं.

आजार नेमका कुठे असतो?

सिकलसेलचा बिघाड फक्त बीटा साखळीत असतो. तिच्या सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सोडल्यावर अशी हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात आणि लाल पेशी विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. वेदना होतात त्या यामुळेच.

गॅमा साखळीत हा बिघाड नसतो. शिवाय हिमोग्लोबिन एफ त्या काड्यांमध्ये सामील होत नाही, उलट त्या वाढू देत नाही. म्हणून ते भरपूर असेपर्यंत बाळ सुरक्षित राहतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञ जेनेट वॉटसन यांनी १९४८ मध्येच हा संबंध मांडला होता.

तपासणीत इथेच फसगत होते

शिबिरांत सिकलसेलसाठी अनेकदा सोल्युबिलिटी टेस्ट करतात. रक्ताचा थेंब द्रावणात टाकायचा, द्रावण गढूळ झालं तर संशय. पण सहा महिन्यांखालच्या बाळात हिमोग्लोबिन एफ जास्त असल्यामुळे आजार असूनही ही टेस्ट निगेटिव्ह येऊ शकते. त्या कागदावर विसंबून घरचे निश्चिंत होतात. नवजात बाळासाठी एचपीएलसीसारखी तपासणी लागते, कारण ती वेगवेगळी हिमोग्लोबिनं सुटी करून दाखवते. निदान लवकर झालं तर पेनिसिलीन आणि लसी वेळेवर देऊन जीवघेणा जंतुसंसर्ग टाळता येतो.

जुनं हिमोग्लोबिन परत आणता येतं?

काही प्रमाणात, हो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जाणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध शरीरातलं हिमोग्लोबिन एफ वाढवतं. २०२३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही ही जनुकीय उपचारपद्धतीही तेच करते. गॅमा साखळी बंद ठेवणाऱ्या बीसीएल११ए या जनुकाचा जोर ती रक्त तयार करणाऱ्या पेशींत कमी करते. पण ती अतिशय महाग आहे.

त्यामुळे आज घरच्यांच्या हातात असलेली गोष्ट साधी आहे. आई-वडील वाहक असतील, तर बाळ कितीही ठणठणीत दिसलं तरी जन्मानंतर लगेच त्याची योग्य तपासणी करून घ्यायची.