पत्ता सांगणारा माणूस

परगावचा पाहुणा वेशीवर घर विचारतो. सांगणाऱ्यानं भलतंच दार दाखवलं तर पाहुण्याची पंचाईत होते. इंटरनेटवरही तसंच आहे. आपण बँकेचं नाव टाइप करतो. संगणकाला मात्र आकड्यांचा पत्ता लागतो. तो देणारी व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली आखली. आपल्या वतीनं पत्ता विचारून आणणारं सॉफ्टवेअर म्हणजे 'रिझॉल्व्हर'.

हा निरोप्या कोण असावा, हे सहसा दुसरंच कुणीतरी ठरवतं. म्हणूनच 'फ्रीबीएसडी' या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमनं २०१४ साली केलेली निवड मला सांगावीशी वाटते.

तिच्याकडे वर्षानुवर्षं 'बाइंड' नांदत होता. दोघांचं मूळ एकच, कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली. तिथल्या विद्यार्थ्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बाइंड लिहिला. म्हणजे घरचाच जुना कारभारी! पण तो दोन कामं करी: आपल्याकडच्या नावांचे पत्ते जगाला सांगणं आणि जगाकडून पत्ते विचारून आणणं. साध्या माणसाला दुसरंच काम हवं असतं. कामं वाढली की सॉफ्टवेअर फुगतं आणि चोराला फटी सापडतात. बाइंडमधल्या त्रुटींचे इशारेही वरचेवर निघत.

त्यात २००८ साली डॅन कमिन्स्की यांनी दाखवून दिलं, की रिझॉल्व्हरच्या गळी खोटा पत्ता उतरवणं फारसं अवघड नाही. पक्का उपाय एकच: उत्तरावरची डिजिटल सही तपासणं. जुलै २०१० मध्ये या व्यवस्थेच्या मुळाशीच अशी सही झाली.

फ्रीबीएसडी १०.० मधून बाइंड गेला आणि नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्सचा 'अनबाउंड' आला. पत्ता विचारायचा, सही तपासायची, उत्तर काही वेळ लक्षात ठेवायचं, एवढंच त्याचं मुख्य काम. 'डिग' ही अंगवळणी पडलेली आज्ञा जाऊन 'ड्रिल' आली. बाइंड हवाच असेल त्याला तो वेगळा बसवून घेण्याची मुभा राहिली.

अनबाउंडमध्ये त्रुटी निघतच नाहीत असं नाही. तरीही मला हा निर्णय पटतो. जुन्याचा मान ठेवावा. पण प्रत्येकाच्या घरात काय ठेवायचं, हे गरजेवरून ठरवावं. आपल्या घरी हा निरोप्या बहुधा इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीचा असतो. तो सही तपासतो का, एवढं तरी आपण विचारायला हवं.