तुकड्यांतले रान आणि वटवाघळांची मोजदाद

१९४८ साली अँगस हटन या निसर्गप्रेमी मळेवाल्याने तामिळनाडूतील मेघमलाईच्या डोंगरात फळे खाणारे एक वटवाघूळ पकडले. नमुना मुंबईला, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संग्रहात आला. आखूड नाकाचे फलाहारी वटवाघूळ भारतभर दिसते. हेही त्यातलेच, असे समजून तशी चिठ्ठी लावून ते ठेवले गेले. चोवीस वर्षांनी, १९७२ मध्ये, थायलंडचे किट्टी थाँगलाँग्या यांनी तो नमुना नव्याने तपासला. शेपटीचा पत्ता नव्हता, दातांची ठेवणही वेगळी होती. जातच काय, अख्खी प्रजातीच विज्ञानाला नवी निघाली. त्यांनी तिला सालिम अलींचे नाव दिले. जिवंत प्राणी त्याच डोंगरात पुन्हा हाती लागायला १९९० चे दशक उजाडले.

हातात धरलेला नमुना ओळखायला इतकी वर्षे लागत असतील, तर अंधारात डोक्यावरून सपकन निघून जाणाऱ्या जिवाची जात सांगणे किती कठीण! तरीही हे काम व्हायला हवे. सह्याद्रीचे सलग रान फार थोडे उरले आहे. बाकी आहेत ते तुकडे: चहाच्या मळ्यांत अडकलेले, धरणाच्या पाण्याने वेढलेले, देवाच्या नावाने राखलेले. त्यांत काय तगून आहे, हे दिवसा फिरून अर्धेच कळते.

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातील तळेवाडीजवळची बारापेडेची गुहा हे या बाबतीतले मोठे उदाहरण. तिथे मिळालेल्या नमुन्यांवरून ओल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये एका वटवाघळाचे वर्णन केले आणि मुंबई इलाख्याचे वनाधिकारी रॉटन यांच्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. पुढे कित्येक दशके साऱ्या जगात त्याचे हे एकच ठिकाण माहीत होते. मेघालय आणि कंबोडियातल्या नोंदी फार नंतरच्या. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य जाहीर झाले आणि या गुहेभोवतीच्या रानाला संरक्षण मिळाले.

मोजायचे कसे? जुनी रीत जाळ्याची. केसासारख्या बारीक धाग्यांचे मिस्ट नेट ओढ्यावर किंवा पायवाटेवर तिन्हीसांजेला बांधतात आणि ते सोडून कुणी दूर जात नाही, कारण अडकलेला जीव वेळेत सोडवला नाही तर मरतो. हातमोजे घालून त्याला बाहेर काढायचे, कापडी पिशवीत ठेवायचे, कोपरापासून मनगटापर्यंतचे हाड मोजायचे, वजन घ्यायचे आणि सोडून द्यायचे. गाभण मादी असेल तर सगळ्यात आधी तिला सोडतात. पण जाळे जेमतेम माणसाच्या डोक्याच्या वर पोचते. झाडांच्या शेंड्यांवरून उडणारी वटवाघळे त्यात येतच नाहीत.

दुसरी रीत कानाची. माणसाला वीस किलोहर्ट्झपर्यंतचे ऐकू येते. बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांचे आवाज त्याच्या वरचे असतात आणि ते यंत्रावर टिपता येतात. नालाच्या आकाराच्या नाकाची वटवाघळे ठरावीक पट्टीत ओरडतात. पश्चिम घाटातली एक जात चाळीस किलोहर्ट्झच्या आसपास, दुसरी ऐंशीच्या. त्यामुळे नुसत्या नोंदीवरून त्या वेगळ्या काढता येतात. मात्र वरच्या पट्टीचा आवाज दमट हवेत लगेच विरतो. मेगाडर्मा नावाचे वटवाघूळ तर कुजबुजल्यासारखे बोलते आणि भक्ष्याच्या हालचालीच्या आवाजावरच झडप घालते; यंत्राला ते अनेकदा सापडत नाही. फळे खाणाऱ्या बहुतेक जाती वाट शोधायला आवाजाच्या प्रतिध्वनीचा वापरच करत नाहीत. म्हणून एकाच रीतीने केलेली यादी अपुरी राहते. एखाद्या पाहणीचे आकडे वाचताना ते कोणत्या रीतीने मिळाले, हे आधी पाहावे.

या दोन्ही रीती एकत्र वापरून झालेला एक मोलाचा अभ्यास वालपराईचा. अनामलाईतले हे सुमारे २२० चौरस किलोमीटरचे पठार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चहा-कॉफीसाठी मोकळे होत गेले. रानाचे तुकडे काही एकरांपासून काहीशे हेक्टरांपर्यंतचे उरले. लीड्स विद्यापीठाच्या क्लेअर वर्डली यांनी महेश शंकरन, दिव्या मुदप्पा आणि जॉन अल्ट्रिंगहॅम यांच्यासोबत तिथली वटवाघळे अभ्यासली. निष्कर्ष स्पष्ट होता. रुंद, आखूड पंखांनी दाट झाडीत वळणे घेणाऱ्या जाती चहात टिकत नाहीत. तिथे उरतात ती मोकळ्यावर वेगाने उडणारी. चहाच्या सपाट गालिच्यावर सिल्व्हर ओकची ऑस्ट्रेलियन झाडे लावल्याने रान होत नाही. पण देशी झाडांच्या सावलीतली कॉफी आणि नदीकाठची झाडी यांत चहापेक्षा कितीतरी समृद्ध वटवाघूळसृष्टी नांदत होती. पाण्याची जवळीक तर बहुतेक जातींना मानवते.

मला यातली महत्त्वाची गोष्ट ही वाटते: तुकडा किती मोठा, एवढेच विचारून भागत नाही, दोन तुकड्यांच्या मध्ये काय आहे, यावरही त्यातली वस्ती ठरते. वालपराईतच नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनचे लोक मळेवाल्यांना सोबत घेऊन दोन दशकांहून अधिक काळ देशी झाडे लावत आहेत.

सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात डोंगरच्या डोंगर रबराखाली गेले, ते पाहताना हे वारंवार आठवते. देवाच्या नावाने राखलेल्या तुकड्यांकडे, म्हणजे देवरायांकडेही याच नजरेने पाहायला हवे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास मांडला आणि त्यांचे मोल साऱ्यांना पटवले. त्याच देवरायांची रात्रीची पाहणी गावोगाव व्हावी. कायद्यानेही या जिवांना उशिराच न्याय दिला: २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत फळे खाणारी वटवाघळे उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवींच्या अनुसूचीत होती. रानात बिया पसरवणारा आणि फुलांचे परागण करणारा प्राणी उपद्रवी कसा?

आपल्या गावात देवराई, जुनी गुहा किंवा वटवाघळांचा वड असेल तर महिन्यातून एका संध्याकाळी लांब उभे राहून बाहेर पडणारी वटवाघळे मोजा. तारीख, वेळ, आकडा लिहून ठेवा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा. वटवाघळांना हात लावू नका, दिवे-मशाली घेऊन गुहेत शिरू नका. आणि ग्रामसभेत ओढ्याकाठची झाडे तोडण्याचा विषय आला, तर विरोध करायला उभे राहा.