आधी रकाने, मग आज्ञा

संगणकाचा प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञा, एवढेच आपणांपैकी बहुतेकांना ठाऊक असते. परंतु या आज्ञा ज्या माहितीवर चालावयाच्या, ती कोणत्या साच्यात मांडली आहे, यावरच प्रोग्राम वाचता येईल की नाही हे ठरते.

चांदूर बाजारच्या संत्रा-बागाईतदारास हे तत्त्व नवीन नाही. गाव नमुना ७ गटवार हक्क सांगतो, १२ पिके सांगतो. तर ८-अ एका खातेदाराची गावातील सारी जमीन एकत्र दाखवितो. जमीन तीच, पण प्रश्न वेगळा म्हणून मांडणी वेगळी. ८-अ नसता, तर एका माणसाची जमीन मोजण्यास सारे गट चाळावे लागले असते.

प्रोग्राममध्येही असेच आहे. खातेक्रमांकानुसार सूची लावली, की शोध एका ओळीत संपतो; नुसती यादी ठेवली, की शोधाशोधीच्या आज्ञांचे जंजाळ माजते. रकान्यास ‘क्ष’ न म्हणता ‘क्षेत्र, हेक्टर’ म्हटले, तर निम्मा अर्थ तेथेच कळतो. फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ सालच्या आपल्या ग्रंथात आज्ञांपेक्षा कोष्टकांवर भर दिला, तो याचसाठी.

प्रोग्राम लिहिणारा उद्या दुसरीकडे जातो. मागून येणाऱ्यास तो वाचता आला नाही, तर चुकलेले एक नावही दुरुस्त होत नाही, आणि हेलपाटे शेतकऱ्यास पडतात. म्हणून आम्ही म्हणतो, आधी रकाने नीट आखा, मग आज्ञा लिहा.