मच्छरदाणी वाटली, पण आत झोपलं कोण?

बालमित्रांनो, एक गणित सोडवा पाहू!

समजा, एका गावात १०० घरं आहेत आणि ५०० माणसं. एक दिवस गावात सरकारी गाडी आली. मंडप पडला, नारळ फुटला, पाहुण्यांची भाषणं झाली आणि २०० मच्छरदाण्या वाटल्या गेल्या. एका मच्छरदाणीत दोघं झोपतात. तर सांगा, गावातली किती माणसं डासांपासून वाचली?

"४००!" तुमच्यातल्या बहुतेकांनी पटकन उत्तर दिलं असेल. वहीत ते बरोबरच आहे. गावात मात्र ते चुकू शकतं. कसं ते बघा.

महिन्याभरानं कुणीतरी त्या गावात घरोघर गेलं आणि विचारलं, "मच्छरदाणी आहे का हो?" १८० घरात सापडल्या. उरलेल्या २० कुठे गेल्या? एखादी लेकीच्या सासरी गेली, एखादी फाटली, एखादी कोंबडीची पिल्लं झाकायला लागली. मग त्यानं विचारलं, "टांगलेली आहे का?" १२० टांगलेल्या होत्या. बाकीच्या पेटीत घडी घालून! "पाहुणे आले की काढू," म्हणाली आजी. शेवटी त्यानं विचारलं, "काल रात्री आत कोण कोण झोपलं होतं?" मोजलं तर भरली २४० माणसं.

म्हणजे कागदावर ४००, खाटेवर २४०. कागदावर शंभरातली ८०, खरी ४८. हे गाव आपण मनानं रचलेलं आहे, पण असा फरक खऱ्या गावांतही पडतो. म्हणून मोहीम कशी झाली हे ठरवायचं, तर किती वाटल्या हे सांगून भागत नाही. किती जण आत झोपले आणि ताप किती घटला, हेही बघावं लागतं. या तपासणीला म्हणतात मूल्यमापन. शब्द जड आहे, पण काम तुम्हालाही जमेल असं आहे.

जाळीचा आणि तापाचा संबंध काय?

हिवताप म्हणजेच मलेरिया. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेतो अॅनोफिलिस जातीचा डास, आणि त्यातही फक्त मादी. ही गोष्ट शोधण्यात मोठा वाटा होता डॉ. रोनाल्ड रॉस यांचा. त्यांचा जन्म आपल्याच देशात, अल्मोड्याला झाला. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत त्यांना अॅनोफिलिस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू दिसले. १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. २० ऑगस्ट हा दिवस अजूनही जगभर 'डास दिन' म्हणून पाळतात.

ही मादी चावते संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. म्हणजे आपल्या झोपेची वेळ हीच तिची जेवणाची वेळ! म्हणून मच्छरदाणी कामाची. हल्ली सरकारी मोहिमांत ज्या जाळ्या वाटतात, त्यांच्या धाग्यातच डास मारणारं औषध असतं. डास नुसता अडत नाही, जाळीवर बसला की मरतो. अशी जाळी साधारण २० धुण्यांपर्यंत आणि सुमारे ३ वर्षं चालावी, अशी अपेक्षा असते. ती धुतल्यावर सावलीतच वाळवायची, उन्हात औषधाचा जोर कमी होतो.

केनियाच्या पश्चिम भागात अशा जाळ्यांचा मोठा अभ्यास झाला. तेव्हा एक गंमत दिसली. जाळीवाल्या घरांपासून ३०० मीटरच्या आत राहणाऱ्या, पण स्वतःकडे जाळी नसलेल्या मुलांनाही हिवतापापासून संरक्षण मिळालं! डासच कमी झाले ना! अर्थात, हे केव्हा घडतं? आसपासचे पुष्कळ लोक खरोखर जाळीत झोपतात तेव्हा. पेटीतली जाळी शेजाऱ्याच्याही उपयोगाची नाही आणि आपल्याही.

गडचिरोलीत काय आढळलं?

आता आपल्या महाराष्ट्रातलं खरं उदाहरण. राज्याच्या अगदी पूर्व टोकाला, छत्तीसगडला लागून गडचिरोली जिल्हा आहे. घनदाट जंगल, नद्या-नाले, दूरदूर विखुरलेली आदिवासी गावं. महाराष्ट्रात हिवतापाचा सगळ्यात मोठा भार या जिल्ह्यानं सोसला आहे. २०२१ साली राज्यात हिवतापाचे जेवढे रुग्ण सापडले, त्यातले निम्म्याहून जास्त एकट्या गडचिरोलीतले होते. तिथला हिवताप बहुधा फाल्सिपेरम नावाच्या जंतूचा असतो. वेळेवर औषध मिळालं नाही, तर तो मेंदूपर्यंत जातो. लहान मुलं आणि गरोदर बायका यांना त्याचा धोका सगळ्यात जास्त.

याच जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली 'सर्च' ही संस्था सुरू केली. डॉ. अभय बंग, डॉ. योगेश्वर कालकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे एक अभ्यास केला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. त्यांना शोधायचं होतं की इतके प्रयत्न होऊनही हिवताप हटत का नाही.

त्यांनी काय केलं? ८४ जणांशी बोलणं केलं. त्यात गावकरी होते, पुजारी-वैदू होते, गावात काम करणारे आरोग्यसेवक होते, डॉक्टर होते आणि जिल्ह्याचे अधिकारीही होते. एकाच बाजूला विचारून थांबले नाहीत. चांगल्या मूल्यमापनाची ही पहिली खूण. देणाऱ्यालाही विचारायचं आणि घेणाऱ्यालाही.

उत्तरं काय आली? औषध लावलेल्या मच्छरदाण्या घरोघरी पुरेशा नव्हत्या, आणि ज्या होत्या त्या रोज वापरल्या जात नव्हत्या. हिवताप कशानं होतो, हे पुष्कळांना नीट ठाऊक नव्हतं. ताप आला की माणूस आधी वैदूकडे जाई. औषधाच्या गोळ्या पूर्ण घेतल्या जात नसत. आणि एक फार महत्त्वाची गोष्ट: हिवतापाची माहिती देणारं साहित्य तिथल्या लोकांच्या रीतीभातींना धरून नव्हतं. ज्यांना बाहेरची मुख्य भाषा वाचता येते, त्यांच्यासाठीच ते होतं!

विचार करा. ज्या घरात माडिया किंवा गोंडी बोलतात, तिथे भिंतीवर मराठीतला छापील कागद चिकटवला. कागद वाटले किती, याचा हिशेब चोख. समजले किती जणांना?

आकडा बोलतो, पण कधी कधी फसवतोही

मूल्यमापनात आणखी दोन खोड्या असतात. त्या ओळखता आल्या पाहिजेत.

पहिली खोडी तपासणीची. समजा, एका वर्षी तापाच्या २०० माणसांचं रक्त तपासलं, त्यात २० जणांना हिवताप निघाला. पुढच्या वर्षी आशाताईंनी जास्त मेहनत घेतली, ५०० जणांचं रक्त तपासलं. हिवताप निघाला २५ जणांना. कुणी म्हणेल, "अरे बापरे! रुग्ण वाढले, जाळ्या फुकट गेल्या!" पण नीट बघा. आधी शंभरात १० निघत होते, आता शंभरात ५. म्हणजे प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणून नेहमी विचारायचं, "तपासले किती?"

दुसरी खोडी पावसाची. जाळ्या वाटल्यावर गावात ६० ऐवजी ३० रुग्ण झाले. शाबास! पण त्या वर्षी पाऊसच कमी पडला असेल तर? डासही कमीच झाले असणार. मग शेजारचं, जाळ्या न मिळालेलं गाव बघायचं. तिथे ६० चे ४५ झाले असतील, तर आपल्याही गावात जाळ्यांशिवाय ४५ च्या आसपास झाले असते. म्हणजे जाळ्यांचं श्रेय ३० रुग्णांचं नाही, १५ चं. तेही थोडं नव्हे! पण खरं ते खरं. केनियातल्या त्या अभ्यासात अशीच दोन प्रकारची गावं ताडून पाहिली होती. आणि अभ्यास संपल्यावर उरलेल्या गावांनाही जाळ्या दिल्या, कारण माहितीसाठी कुणाला कायमचं उघड्यावर ठेवणं बरं नव्हे.

ओडिशा राज्याचं उदाहरण तर जगभर गाजलं. २०१६ साली तिथे हिवतापाचे सुमारे साडेचार लाख रुग्ण होते. २०१७ साली तिथल्या सरकारनं एक कोटीहून जास्त औषधी मच्छरदाण्या वाटल्या. २०१८ साली रुग्ण उरले सुमारे ६६ हजार! मग सगळं श्रेय मच्छरदाण्यांना द्यायचं का? थांबा. त्याच काळात डोंगराळ गावांत जाऊन ताप नसलेल्या माणसांचंही रक्त तपासलं, लगेच औषधं दिली, फवारणी केली, गावात नळी-पट्टीची झटपट तपासणी पोचवली. विजय सगळ्यांनी मिळून मिळवला. जाळी त्या संघातला एक मोठा खेळाडू, एवढं आपण खात्रीनं म्हणू शकतो.

आणि विजय मिळाला की मोजणं थांबवायचं नाही. आपल्या देशात १९५३ साली हिवतापाविरुद्ध राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. १९६५ साली रुग्ण साधारण एक लाखावर आले. सगळ्यांना वाटलं, गेला हिवताप! पण पहारा ढिला पडला, डासांना डीडीटीची सवय झाली. १९७६ साली रुग्ण झाले ६४ लाखांहून जास्त!

निकाल सांगायचा कुणाला?

परीक्षा तुम्ही दिली आणि निकाल फक्त मुख्याध्यापकांच्या कपाटात राहिला, तर तुम्हाला कसं वाटेल? मोहिमांचं पुष्कळदा असंच होतं. गावातून आकडे गोळा करतात, तालुक्याला पाठवतात, तालुक्यातून जिल्ह्याला. ज्या आजीनं "काल रात्री कोण झोपलं" हे खरं खरं सांगितलं, तिला निकाल कुणी सांगतच नाही! मग पुढच्या वेळी ती खरं का सांगेल?

निकाल गावाला सांगायचा, आणि गावाच्या भाषेत सांगायचा. आमचं दीपनगर म्हणजे भुसावळजवळची वीज केंद्राची वसाहत. इथल्या शाळेच्या एका बाकावर तीन-तीन बोली बसतात. कुणाच्या घरी लेवा बोली, कुणाच्या घरी अहिराणी, कुणाच्या घरी आणखी तिसरीच. पलीकडे सातपुडा चढून गेलात तर पावरी आणि भिली ऐकू येईल. तिथल्या आजीला "मूल्यमापनाचे निष्कर्ष समाधानकारक आहेत" असं सांगून काय कळणार? त्याऐवजी शाळेच्या भिंतीवर दहा खाटा काढा. पाच खाटांवर जाळी, पाच उघड्या. खाली मोठा डास. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही कळेल की दहातली पाचच माणसं जाळीत झोपतात.

निकाल सांगताना तीन गोष्टी सांभाळायच्या. वाईट आकडा लपवायचा नाही. कुणाच्या घराचं नाव घेऊन त्याला लाजवायचं नाही. आणि कारण विचारल्याशिवाय दोष द्यायचा नाही. आता बघा, आपल्या खानदेशात उन्हाळ्यात माणसं अंगणात, गच्चीवर बाज टाकून झोपतात. तिथे जाळी टांगायला खिळा कुठून आणणार? "लोक आळशी आहेत" असं लिहून मोकळं होणं सोपं. पण बाजेच्या चार पायांना चार काठ्या बांधून दिल्या, तर तीच माणसं जाळीत झोपतील. कारण सापडलं की उपाय सापडतो.

तुम्हीही करून पाहा!

बाई किंवा सरांची परवानगी घ्या आणि चार-पाच जणांचा गट करा. आपल्या गल्लीतली दहा घरं निवडा. मोठ्या माणसाला बरोबर घ्या. वहीत चार रकाने आखा:

१. घरात माणसं किती?
२. मच्छरदाण्या किती?
३. आत्ता टांगलेल्या किती?
४. काल रात्री आत कोण झोपलं? (लहान बाळ आणि आजी-आजोबा यांच्यापुढे खूण करा.)

दोन माणसांना एक जाळी, या हिशेबानं किती कमी पडतात ते काढा. मग घरात एकच जाळी असेल, तर तिच्यात कोण झोपतं ते बघा. पहिला मान बाळाचा आणि त्याच्या आईचा!

आणखी एक. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. त्याला फक्त रात्रीची जाळी पुरी पडणार नाही. तो वाढतो साठलेल्या स्वच्छ पाण्यात. आपल्याकडे उन्हाळ्यात घरोघरी कूलर असतात, त्यांच्या टाकीतही. म्हणून पाचवा रकाना आखा: "कूलरचं आणि हौदाचं पाणी शेवटचं कधी उपसलं?" 'आठवड्यातून एकदा उपसतो' असं तोंडी सांगणं वेगळं, आणि टाकीत डोकावून बघणं वेगळं. डोकावून बघा! पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या, तर तोच तुमचा खरा आकडा.

तक्ता झाला की तो वहीत ठेवू नका. त्या दहा घरी परत जा आणि सांगा, "काकू, आपल्या गल्लीत ४६ माणसांपैकी १८ जणच जाळीत झोपतात," किंवा जो तुमचा आकडा निघेल तो. महिन्यानं पुन्हा तेच प्रश्न विचारा. आकडा वाढला तर त्यांनाही सांगा, कारण त्यात त्यांचा वाटा आहे. नाही वाढला, तर का नाही ते त्यांनाच विचारा.

सुरुवात मात्र आपल्या घरापासून. काल रात्री तुमच्या घरात जाळीत कोण कोण झोपलं होतं?