रिंगवरून परतलेला चेंडू: साठ वर्षांचा मागोवा

रिबाउंड शिकवून येत नाही. तो उंचीचा आणि उपजत भुकेचा मामला आहे, हे मत बास्केटबॉलच्या मैदानावर फार जुनं. त्याला पुरावा म्हणून विल्ट चेंबरलेनचं नाव हमखास येतं. सात फुटांहून उंच असलेल्या या खेळाडूने 24 नोव्हेंबर 1960 रोजी बोस्टनविरुद्ध एकाच सामन्यात 55 रिबाउंड घेतले. पण त्या काळी एनबीएत निम्म्याहून कितीतरी जास्त नेम हुकत आणि खेळही आजच्याहून वेगवान होता. कापूस वेचणाऱ्याचं ओझं आधी शेतातल्या बोंडांवर ठरतं, मग हातांवर, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. उंचीचा दावा तर पुढे मैदानावरच लंगडा पडला. 1986-87 च्या हंगामात जेमतेम साडेसहा फुटांचा चार्ल्स बार्कली रिबाउंडच्या सरासरीत पहिला आला, आणि 1991-92 पासून सलग सात हंगाम साडेसहा फुटांच्या आसपासच्याच डेनिस रॉडमनने तो मान सोडला नाही.

यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: रॉडमन स्वतः शिकला, त्याला कुणी शिकवलं असं त्यातून सिद्ध होत नाही. सहकाऱ्यांच्या नेमाची फिरकी न्याहाळून चेंडू कुठे उडेल याचा अंदाज बांधायची चिकाटी त्याची स्वतःची. पण 2014 साली संशोधक राजीव माहेश्वरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेऱ्यांनी टिपलेल्या हालचालींवरून रिबाउंडचे तीन भाग पाडले: नेम सुटताना खेळाडूची जागा, त्यानंतरची धाव आणि हाताशी आलेला चेंडू पकडणं. तिसऱ्या भागात लांब हात उपयोगी पडतात, हे मान्य. पहिला मात्र निव्वळ सवयीचा आहे. कोपऱ्यातून हुकलेला चेंडू बहुधा पलीकडच्या बाजूला जातो, लांबचा नेम लांब उसळतो, आणि प्रतिस्पर्ध्याला पाठीवर घेऊन अडवायचं म्हणजे बॉक्स आउट. यातलं काय शिकवता येत नाही?

मग शिकवलेलं दिसत का नाही? कारण ते दुसऱ्याच्या नावावर जमा होतं. 2016-17 मध्ये स्टीवन अ‍ॅडम्स ओक्लाहोमासाठी धिप्पाड प्रतिस्पर्धी अडवून धरी आणि चेंडू अनेकदा रसेल वेस्टब्रुक उचली. वेस्टब्रुकची सरासरी 10.7, अ‍ॅडम्सची 7.7.

खानदेशातल्या, म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयीन संघांना साडेसहा फुटी मुलगा क्वचितच मिळणार, म्हणून हा वाद इथे नुसता चर्चेचा नाही. अडचण वेगळीच आहे. सामन्याच्या अधिकृत स्कोअरशीटवर गुण आणि फाउल लिहितात, रिबाउंडला रकानाच नसतो. बॉक्स आउट तर दूरच. राखीव बाकावरच्या एखाद्या मुलाच्या हाती वही-पेन्सिल देऊन, नेम सुटला त्या क्षणी कुणाची पाठ कुणाला टेकलेली होती एवढंच लिहून घेतलं, तरी पुढच्या सरावाचा धडा त्याच पानावर मिळेल.