संरक्षण आदेश : घरातल्या जाचाला कायद्याचा अटकाव

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून देशात लागू आहे. मारहाण, शिवीगाळ, लैंगिक छळ, तसेच घरखर्चाला पैसे न देणे किंवा स्त्रीधन अडकवून ठेवणे, हे सारे या कायद्याने हिंसाचारच मानले आहे. कुणाला तुरुंगात धाडण्याआधी चालू असलेला जाच थांबवणे, हा त्याचा मुख्य हेतू. त्यासाठी कलम 18 खाली न्यायदंडाधिकारी जो मनाई हुकूम देतात, तो संरक्षण आदेश.

अर्ज कुठे करायचा, हा पहिला प्रश्न. उदाहरण घेऊ. पांढरकवडा हे केळापूर तालुक्याचे ठिकाण. पैनगंगा ओलांडली की तेलंगणातला आदिलाबाद जिल्हा लागतो. पांढरकवड्याची लेक आदिलाबादला दिली असेल आणि जाचाला कंटाळून माहेरी परतली असेल, तर तिला सासरच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. कलम 27 प्रमाणे ती तात्पुरती जिथे राहते तिथल्या न्यायालयात, म्हणजे पांढरकवड्यातच, अर्ज करता येतो. आणि तिथला आदेश देशभर लागू होतो.

अर्ज ती स्वतः, या कायद्याखाली सरकारने नेमलेले संरक्षण अधिकारी किंवा तिच्या वतीने अन्य कोणीही करू शकते. संरक्षण अधिकारी विहित नमुन्यात कौटुंबिक घटना अहवाल भरून घेतात. कोणत्या तारखेला, कुठे, कोणी, काय केले, हे त्यात नेमके यावे; उपचारांचे कागद असतील तर जोडावेत. पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत आणि निकाल पहिल्या सुनावणीपासून 60 दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा, असे कायदा सांगतो. प्रत्यक्षात प्रकरणे लांबतात. म्हणूनच कलम 23 खालचा अंतरिम आदेश महत्त्वाचा. निकड दिसली तर समोरच्याचे म्हणणे न ऐकताही तो देता येतो.

आदेशाने हिंसाचाराला बंदी होतेच. शिवाय तिच्या कामाच्या ठिकाणी किंवा मुलाच्या शाळेत येणे, फोनवरून वा अन्य मार्गाने संपर्क साधणे, संयुक्त बँक खाते परस्पर वापरणे, तिला मदत करणाऱ्या नातेवाइकांना त्रास देणे, यांनाही मनाई करता येते. घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा आणि नुकसानभरपाई यांसाठी कलम 19 ते 22 आहेत. घर नवऱ्याच्या नावावर नाही, एवढ्याच कारणाने सुनेला बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सतीशचंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केले.

संरक्षण आदेश मोडणे हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद, 20 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. ती हाताशी ठेवावी आणि आदेश मोडला जाताच पोलिसांना किंवा संरक्षण अधिकाऱ्यांना कळवावे. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी थांबू नये. उत्पन्न कितीही असले तरी महिलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तातडीच्या मदतीसाठी 112 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक आहेत.