खुकरीवरचे १७६ नौसैनिक

दर वर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन असतो. १९७१ च्या युद्धात आपल्या नौदलाने कराचीवर केलेल्या हल्ल्याची ती आठवण. पण त्याच युद्धात पाच दिवसांनी जे घडलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

९ डिसेंबरच्या रात्री आयएनएस खुकरी आणि कृपाण ही जहाजं दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी शोधत होती. पाणबुडी डोळ्यांना दिसत नाही. पाण्यात आवाजाची लहर सोडायची आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकायचा, असा तो शोध. पावणेनऊच्या सुमारास ‘हँगोर’ पाणबुडीचा टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून येणारं स्फोटक अस्त्र, खुकरीवर आदळला. काही मिनिटांत जहाज बुडालं. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी आपलं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि ते जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. ६७ जण वाचले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले.

कॅप्टनचं नाव आपण ऐकलेलं असतं. पण ते १७६ कोण होते? कुणी इंजिन सांभाळणारा, कुणी विजेचं काम बघणारा, कुणी स्वयंपाकी. त्यांत कितीतरी विशी-पंचविशीतली पोरं. युद्धनौकेवर नौसैनिकाचं घर म्हणजे झोपण्यापुरती जागा आणि एक लहानसं कपाट. वर यायला अरुंद लोखंडी शिडी. जहाज कलंडलं, दिवे गेले, की खालच्या माणसाला ती शिडीही सापडत नाही.

घरी तार येते, देह येत नाही. अग्नी कुणाला द्यायचा? अस्थी कुठे सोडायच्या? तेरवी झाली तरी दाराची कडी वाजली की आई उठून बघते.

म्हणून दीवचं स्मारक महत्त्वाचं. तिथे टेकडीवर काचेच्या घरात खुकरीची प्रतिकृती आहे आणि समोर तोच समुद्र. पुढे १९८९ मध्ये नव्या जहाजालाही खुकरी हेच नाव दिलं. ३२ वर्षं सेवा करून तेही आता दीवलाच आहे.

आपल्या नागपूरला समुद्र नाही. तरी एनसीसीच्या नौदल शाखेची मुलं-मुली अंबाझरी तलावावर होडी चालवायला शिकतात. २०२२ पासून अग्निवीर म्हणून मुलींनाही नौसैनिक होता येतं. उद्या त्यांतली एखादी आपल्याच घरची असेल. तेव्हा ९ डिसेंबरला पोरांना कॅप्टन मुल्लांची गोष्ट जरूर सांगा, आणि सोबत त्या १७६ जणांचीही.